टोकियोने आधी ओळखलं

१९७५च्या एप्रिलमध्ये क्वीन या बँडची परिस्थिती काय होती, तिथून सुरुवात करायला हवी. तीन अल्बम बाजारात आले होते. ‘किलर क्वीन’ हे गाणं आदल्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. तरीही चौघे वादक व्यवस्थापन कंपनीच्या तुटपुंज्या आठवडी पगारावर दिवस काढत होते आणि त्या कंपनीशी त्यांचं बिनसत चाललं होतं. लंडनच्या संगीत-साप्ताहिकांतल्या समीक्षकांना ते नटवे आणि पोकळ वाटत. १९७४ साली अमेरिकेत गिटारवादक ब्रायन मे काविळीने आजारी पडला आणि दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. पुढच्या वर्षी ते स्वतःच्या नावावर पुन्हा अमेरिकेत गेले, तर गायक फ्रेडी मर्क्युरीचा घसा बसला आणि बरेच कार्यक्रम रद्द झाले. थकलेले हे चौघे हवाई बेटांवर थोडी विश्रांती घेऊन १७ एप्रिलला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरले.

तिथे हजारोंचा जमाव उभा होता, आणि त्यात बहुतेक शाळकरी मुली होत्या. मर्क्युरी, मे, ड्रमर रॉजर टेलर, बेस वाजवणारा जॉन डीकन, चौघांची नावं त्यांना पाठ होती. मायदेशात असं स्वागत या मंडळींच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. १९ तारखेला बुदोकानमध्ये पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा प्रेक्षक मंचाकडे असे लोटले की मर्क्युरीला मध्येच थांबून सगळ्यांना सांभाळून राहण्याची विनंती करावी लागली. मग नागोया, कोबे, फुकुओका, ओकायामा, शिझुओका, योकोहामा करत १ मेला पुन्हा बुदोकान. एकूण आठ कार्यक्रम झाले. ज्या गाण्याने क्वीनचं नाव जगभर झालं, ते ‘बोहेमियन रॅप्सडी’ ध्वनिमुद्रित व्हायला अजून काही महिने होते.

हा क्रम या पुस्तकाच्या मुळाशी आहे. एखादा बँड आधी घरी मोठा होतो, मग अमेरिका जिंकतो आणि नंतर उरलेल्या जगात त्याची कीर्ती पसरते, असा रॉकचा इतिहास सांगण्याची रीत आहे. त्या रीतीत जपानी, अर्जेंटिनी किंवा भारतीय श्रोता नेहमी शेवटच्या रांगेत बसतो. क्वीनच्या बाबतीत हे उलटं घडलं. टोकियो-ओसाकातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी या बँडची थोरवी लंडनच्या जाणकारांच्या आधी ओळखली. त्यांनी तिकिटं काढली, रेकॉर्डी विकत घेतल्या, हे तर झालंच. पण आपण जे करतो आहोत ते बरोबर आहे, ही खात्रीही त्यांनी या चौघांना दिली. तिचं मोल मला अधिक वाटतं. काही महिन्यांनी हेच लोक स्टुडिओत बसले आणि ऑपेराचे तुकडे, बॅलड आणि धडाडता रॉक यांना एकत्र गुंफणारं, सहा मिनिटांचं, रेडिओच्या कुठल्याही नियमात न बसणारं गाणं त्यांनी रचलं. एप्रिलमधल्या त्या दोन आठवड्यांचा त्या धाडसाशी थेट संबंध जोडणारा कागद माझ्याकडे नाही. पण बुदोकानमधला तो गजर कानात घेऊन परतलेली माणसं समीक्षकांच्या शेऱ्यांनी सहजी खचणार नव्हती, असं मला ठामपणे वाटतं.

जपानमध्येच हे का घडलं? तिथली रेकॉर्डींची बाजारपेठ मोठी होती, युद्धानंतरची पिढी हाती पैसा घेऊन वाढत होती. ही कारणं खरी आहेत, पण ती परदेशी संगीताच्या एकूण खपाची झाली. क्वीनच का, याचं उत्तर त्यांत सापडत नाही.

ते शोधायचं तर आधी वस्तूंकडे पाहावं लागतं. परदेशी रेकॉर्ड जपानमध्ये छापली जाई, तेव्हा तिच्या वेष्टनाभोवती जपानी मजकुराची एक कागदी पट्टी असे. तिला ओबी म्हणतात, म्हणजे किमोनोवर बांधायचा कमरपट्टा. आत गाण्याचे इंग्रजी शब्द, त्यांचा जपानी अनुवाद आणि बँडविषयी एक दीर्घ टिपण असलेला कागद मिळे. ब्रिटनमधल्या मुलाला जे गाणं नुसतं कानावर पडून कळायचं, ते जपानी मुलगी कागद मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून समजून घ्यायची. परक्या भाषेतल्या गाण्यापर्यंत पोचायला कष्ट लागतात, आणि कष्टाने मिळवलेलं माणूस सहसा टाकून देत नाही. आपल्याकडे ज्यांनी कधी काळी इंग्रजी गाण्यांचे शब्द ऐकून ऐकून वहीत उतरवले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘म्युझिक लाइफ’ हे मासिक. परदेशी पॉप-रॉक संगीताला वाहिलेल्या या मासिकाने क्वीनची छायाचित्रं आणि मुलाखती सातत्याने छापल्या. काओरुको तोगो या तिथल्या पत्रकार, पुढे मासिकाच्या मुख्य संपादकही झाल्या. हे बाईंचं लेखन आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. लंडनमध्ये रॉकवर लिहिणारे जवळपास सगळे पुरुष होते आणि रॉकमधलं काय अस्सल, काय बेगडी हे तेच ठरवत. क्वीनचे झुळझुळीत कपडे, डोळ्यांतलं काजळ, काळी रंगवलेली नखं त्यांना खुपत. तोगोंना आणि त्यांच्या वाचकांना त्यात खोट दिसली नाही. झान्ड्रा ऱ्होड्सने शिवलेल्या, पंखांसारख्या पांढऱ्या चुणीदार बाह्यांचा पोशाख घालून मर्क्युरी मंचावर येई, तेव्हा जपानी मुलींना तो ओळखीच्या जगातून आल्यासारखा वाटे.

ते जग मुलींसाठीच्या चित्रकथांचं होतं. १९७०चं दशक हा शोजो मांगा नावाच्या या कथांचा सुवर्णकाळ. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा या तरुण लेखिका-चित्रकर्त्या लांब केसांचे, नाजूक चेहऱ्यांचे, ना पुरते पुरुषी ना पुरते बायकी असे नायक रेखाटत होत्या. इकेदांची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही मालिका १९७२-७३ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका पुरुष म्हणून वाढवलेली लष्करी अधिकारी आहे. १९७४ साली ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाट्यमंडळीने ती रंगमंचावर आणली आणि तिला अफाट लोकप्रियता मिळाली. ‘क्वीन टू’ या अल्बमच्या वेष्टनावर काळ्या पार्श्वभूमीतून चार चेहरे उजळून वर येतात, ते मिक रॉकने काढलेलं छायाचित्रही याच वर्षीचं. ज्या वाचकांच्या डोळ्यांना इकेदांच्या रेषांची सवय झाली होती, त्यांना हे वेष्टन हातात घेतल्यावर काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. क्वीनचं जे रूप मायदेशी थट्टेचा विषय ठरलं, ते इथे सौंदर्याच्या एका जिवंत परंपरेत चपखल बसलं.

मुलींच्या ओरडण्याविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. बीटल्सच्या काळापासून रॉकच्या इतिहासकारांनी किंचाळणाऱ्या मुलींचं चित्र एकाच कारणासाठी वापरलं आहे. या गोंगाटात संगीत कुणी ऐकत नव्हतं, असं त्यांना सुचवायचं असतं. मला हा शुद्ध अन्याय वाटतो. त्या मुली शब्द पाठ करत होत्या, अनुवाद ताडून पाहत होत्या, चौघांपैकी कोणतं गाणं कुणी लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. क्वीनमध्ये चौघेही गीतकार होते आणि प्रत्येकाची धाटणी वेगळी, त्यामुळे ही माहिती रसिकतेचा भाग होती. चाळीस-पन्नास वर्षं टिकलेलं प्रेम निव्वळ चेहऱ्यावर टिकत नाही. पुढची प्रकरणं याच मुलींना जाणत्या श्रोत्या मानून लिहिली आहेत.

बुदोकानचा थोडा इतिहास इथेच सांगून टाकतो. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या जूदोसाठी ही अष्टकोनी वास्तू बांधली गेली. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातल्या ‘स्वप्न-दालना’वर तिचा आराखडा बेतला आहे. १९६६ साली बीटल्स तिथे वाजवणार म्हटल्यावर, युद्धकलांच्या या जागेत परदेशी पोरांचा धिंगाणा नको, असा कडवा विरोध झाला आणि कार्यक्रम कडक पोलीस बंदोबस्तात पार पडले. दहा-बारा वर्षांतच तीच जागा जगभरच्या रॉक बँडांना हवीहवीशी झाली. डीप पर्पलने १९७२च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि बुदोकानला केलेलं ध्वनिमुद्रण आधी फक्त जपानी श्रोत्यांसाठी होतं. ते ‘मेड इन जपान’ म्हणून जगभर गेलं. चीप ट्रिक या अमेरिकी बँडला १९७८ साली मायदेशी फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यांचा बुदोकानचा अल्बमही जपानपुरताच काढला होता, पण आयात झालेल्या प्रती अमेरिकेत इतक्या खपल्या की तो तिथेही काढावा लागला. त्यानेच त्यांना मायदेशी नाव मिळवून दिलं.

आता क्वीनने या प्रेमाला काय उत्तर दिलं ते पाहू. १९७६च्या वसंतात ते पुन्हा जपानला गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘अ डे अॅट द रेसेस’चं शेवटचं गाणं ब्रायन मेने जपानी श्रोत्यांना उद्देशून लिहिलं. ‘तेओ तोरिआत्ते’ हे त्याचं नाव, अर्थ ‘हातात हात घेऊन’. कडवी इंग्रजीत, ध्रुवपद जपानीत. अनुवादासाठी चिका कुजिराओका यांची मदत घेतली होती. परदेशी गेल्यावर तिथल्या भाषेत ‘नमस्कार’, ‘आभार’ म्हणणारे कलावंत पुष्कळ असतात. पण नव्या अल्बमच्या समारोपाची जागा, जी ब्रिटन-अमेरिकेतला प्रत्येक श्रोता ऐकणार, ती जपानी ध्रुवपदाला देणं ही वेगळ्याच तोलाची गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या चाहत्याला त्या ओळी कळणार नव्हत्या आणि मे याला ते चालणार होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं परक्या भाषेतली गाणी कष्टाने समजून घेतली, त्यांच्यासाठी एकदा उरलेल्या जगाने ते कष्ट घ्यावेत, असा त्यामागचा न्याय मला दिसतो.

संगीताच्या अंगानेही हे गाणं हलक्या हाताने केलेलं नाही. मेने त्यात पियानोबरोबर हार्मोनियमही वाजवला आहे. चाल सावकाश चढते, शेवटी समूहस्वर येतात, आणि ते मावळल्यावर सतत वर चढत जाण्याचा भास देणारी एक स्वरमाला सुरू होते. हीच स्वरमाला अल्बमच्या आरंभीही आहे, त्यामुळे शेवट पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळतो. जपानमध्ये हे गाणं वेगळी रेकॉर्ड म्हणून निघालं, दुसरीकडे नाही. १९७९च्या दौऱ्यात ते जपानी मंचावर आलं आणि सभागृहाने ध्रुवपद एकमुखाने उचललं.

मर्क्युरीचं नातं अधिक खासगी होतं. त्याने जपानी काष्ठठसे, चिनीमातीची भांडी, लाखकाम केलेल्या वस्तू, किमोनो यांचा संग्रह जाणकारीने केला. लंडनमधल्या घरी जपानी धाटणीची बाग करून घेतली. मंचावर तो किमोनो घालून येई. १९८६च्या शरदात तो कार्यक्रमासाठी नाही, तर निव्वळ भटकायला आणि खरेदीला जपानला गेला. १९८८ साली मोन्तसेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा-गायिकेबरोबर केलेल्या ‘बार्सेलोना’ अल्बममध्ये ‘ला जापोनेझ’ हे गाणं आहे आणि त्यात दोघेही जपानी ओळी गातात. २०२३ साली सदबीजने लंडनमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात हिरोशिगेचा पुलावरच्या पावसाच्या सरीचा प्रसिद्ध ठसाही होता.

मराठी वाचकाला इथे पाचगणी आठवणारच. झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेला फारोख बलसारा आठव्या वर्षी बोटीने भारतात आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच बारा-तेराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड झाला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुलं वाजवत. या गायकांना प्रत्यक्ष पाहण्याची सोय साताऱ्याच्या डोंगरमाथ्यावर नव्हती. दुरून आलेलं गाणं कानांनी टिपायचं, बोटांत बसवायचं आणि आपलं करायचं, एवढंच हातात होतं. दूरदेशीचा श्रोता काय असतो हे क्वीनमध्ये कुणाला आतून ठाऊक असेल तर ते मर्क्युरीला. त्याने स्वतः बालपणाविषयी मुलाखतींत फार थोडं सांगितलं, म्हणून हा माझा तर्क आहे. पण हानेदावरच्या त्या मुलींकडे पाहताना आपण या चित्राच्या दुसऱ्या बाजूला होतो, हे त्याला जाणवलं नसेल असं मला वाटत नाही.

दूरच्या श्रोत्यांशी जोडलेलं प्रत्येक नातं इतकं निर्मळ नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. १९८१च्या फेब्रुवारीत बुदोकानचे पाच कार्यक्रम आटोपून क्वीन थेट ब्वेनोस आयरेसला गेलं. अर्जेंटिनात तेव्हा लष्करशहांची राजवट होती. फुटबॉल मैदानं भरून लोक आले, ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ त्यांनी अक्षरन् अक्षर गायलं आणि त्या अंधारलेल्या वर्षांत अनेकांना त्या रात्रींनी मोकळा श्वास दिला. इथवर ठीक. पण १९८४ साली सांस्कृतिक बहिष्कार मोडून क्वीनने दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत कार्यक्रम केले. आम्ही श्रोत्यांसाठी वाजवतो, राजकारणासाठी नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. मला तो युक्तिवाद पटत नाही. वर्णभेदाच्या व्यवस्थेत सभागृहात कोण येऊ शकतं हे आधीच ठरलेलं असतं, आणि त्याकडे डोळेझाक केल्यावर श्रोत्यांवरच्या प्रेमाची ग्वाही अपुरी पडते. क्वीनवर जीव असणाऱ्यानेही हे स्पष्ट म्हणायला हवं.

जपानला मात्र त्यांनी माहेरासारखं जपलं. १९७५, १९७६, १९७९, १९८१, १९८२ आणि १९८५ असे सहा दौरे मर्क्युरीच्या हयातीत झाले. १९८५च्या मे महिन्यात ओसाकाला तो तिथे शेवटचा गायला. त्यानंतर दोन महिन्यांनी वेम्बलीत लाइव्ह एड या मदत-मैफलीतला तो गाजलेला प्रयोग झाला. पुढच्या वर्षीचा दौरा युरोपबाहेर गेलाच नाही. २४ नोव्हेंबर १९९१ला मर्क्युरी एड्सने गेला.

बँडची गोष्ट इथे संपली असती तरी श्रोत्यांची संपली नाही. २००४ साली फुजी टीव्हीच्या ‘प्राइड’ या मालिकेने ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ हे शीर्षकगीत म्हणून घेतलं. ताकुया किमुरा नायक, विषय आइस हॉकी, आणि प्रेक्षकांत अशी पोरं जी मर्क्युरी गेला तेव्हा शाळेतही जात नव्हती. त्या निमित्ताने खास जपानसाठी काढलेला ‘ज्युवेल्स’ हा संग्रह दहा लाखांहून अधिक खपला. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर मदतीसाठी अनेक कलावंतांनी मिळून ‘साँग्ज फॉर जपान’ हा अल्बम काढला. त्यात क्वीनने दिलेलं गाणं ‘तेओ तोरिआत्ते’ होतं, आणि दुसरं कुठलं गाणं देणं शक्यही नव्हतं. २०१८ साली ‘बोहेमियन रॅप्सडी’ चित्रपटाने तिथे तेराशे कोटी येनहून जास्त कमाई केली. प्रेक्षकांनी मोठ्याने गात, घोषणा देत पाहायचे खास खेळ महिनोन्महिने चालले आणि त्यांत साठीच्या बायका नातवंडांएवढ्या मुलांच्या शेजारी बसून गात होत्या.

मे आणि टेलर यांनी गायक अॅडम लॅम्बर्टला सोबत घेऊन जपानला जाणं चालूच ठेवलं. २०१६ला बुदोकानच्या तीन रात्री, २०२०च्या जानेवारीतला दौरा, मग २०२३च्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या ‘कोहाकु’ या वर्षअखेरीच्या संगीतसोहळ्यात हजेरी. पुढे फेब्रुवारीत नागोया, ओसाका, साप्पोरो आणि टोकियो डोम. सत्तरी ओलांडलेल्या मेने तेव्हाही ‘तेओ तोरिआत्ते’ म्हटलं, आणि ध्रुवपदाला आवाज सभागृहाचा होता.

या पुस्तकात क्वीनचं सगळं चरित्र मिळणार नाही. व्यवस्थापकांशी झालेले तंटे, ध्वनिमुद्रणाची तंत्रं, मर्क्युरीचं आजारपण यांवर इतरत्र भरपूर लिहिलं गेलंय आणि इथे ते कारणापुरतंच येतं. मासिकं, रेकॉर्डींचे कागद, दौऱ्यांचे कार्यक्रम आणि ते ऐकणारी माणसं यांवर भर आहे. वाचताना संगीत जवळ ठेवावं. आधी ‘शीअर हार्ट अटॅक’ ऐका, कारण १९७५ला जपानी श्रोत्यांच्या हाती तोच ताजा अल्बम होता. मग ‘अ डे अॅट द रेसेस’ मध्ये न थांबता ऐका. त्यानंतर ११ मे १९८५ रोजी टोकियोच्या योयोगी क्रीडागृहात चित्रित झालेला कार्यक्रम पाहा. पहिलं प्रकरण ‘म्युझिक लाइफ’पासून सुरू होतं, कारण हानेदावर जमाव जमण्याआधी त्या मुलींच्या हाती ते मासिक पडलं होतं.